तीनशेची हजेरी, हातात दोनशे साठ: भांगलण आणि सोयाबीन काढणीचा दर ठरवताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात भोगावतीकाठच्या एका गावात २०२३ आणि २०२४ च्या खरिपात घडलेलं, भांगलणीची (खुरप्यानं तण काढायची) आणि सोयाबीन काढणीची मजुरी ठरवण्याचं हे प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे शेतकरी गटाच्या हजेरीवहीतले आहेत.

पार्श्वभूमी

गाव उसाचं. खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) तुटून गेला की त्या रानात खरिपाला सोयाबीन, आणि ते निघालं की दिवाळीच्या आसपास पूर्वहंगामी उसाची लागण, असा इथला फेरा. म्हणून सोयाबीन काढायला आठ दिवस उशीर झाला तर दाणा गळतोच, पण पुढं रान मोडणं, सरी सोडणं आणि लागण सगळंच लांबतं.

गटात २१ शेतकरी, मिळून २६ एकर सोयाबीन. एकेकाचे दोन-तीन तुकडे, सगळ्यात लहान आठ गुंठ्यांचा. गावातल्या तरुण बायका गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या कारखान्यांत नाहीतर शहरात दुकानांत जातात. पैरा (एकमेकांच्या रानात आळीपाळीनं काम करणं) अजून चालतो, पण तो तीन-चार घरांपुरता. त्यामुळं भांगलणीला आणि काढणीला बायका येतात त्या पन्हाळा तालुक्यातल्या एका डोंगरी वाडीतून, १९ किलोमीटरवरून. टोळी १८ जणींची, वयं २८ ते ६३. घरची भाताची रोपलावण उरकली की जुलैच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत त्या या गावात येतात. मध्ये गौरी-गणपतीला आठवडाभर खंड. टोळीची म्होरकी ५५ वर्षांची. तिला सगळे आक्का म्हणतात.

२०२३ चा दर सगळ्यांना तोंडपाठ होता: बाईमाणसाला ३००, गडीमाणसाला ५००. सोयाबीन काढणी उक्ती, म्हणजे दिवसावर नाही तर झालेल्या कामावर, एकरी ३,५००.

अडचण

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात निम्मं सोयाबीन रानात उभं असताना टोळी यायची बंद झाली. चौकशी केली तेव्हा कळलं, चार किलोमीटरवरच्या गावात ३२० देतात म्हणून तिकडं गेल्या. गटात चर्चा झाली ती एवढीच, की वीस रुपयांसाठी बायकांनी शब्द मोडला.

त्या वर्षी ऑक्टोबरात ऊन कडक होतं. वाळलेल्या शेंगा दुपारी तडतड फुटायला लागल्या. सहा दिवस थांबलेल्या एका दोन एकरांच्या रानात काढणीनंतर एक मीटर बाय एक मीटरची चौकट चार ठिकाणी टाकून पडलेले दाणे मोजले. सरासरी ३०० च्या आसपास भरले. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला ३६ ग्रॅम. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी १४६ किलो. क्विंटलला ४,५०० च्या भावानं ६,५०० रुपये मातीत गेले. वीस रुपयांवरची चर्चा या आकड्यापाशी थांबली आणि मे २०२४ मध्ये गटानं दर नव्यानं ठरवायचं घेतलं.

पहिल्या बैठकीत फक्त शेतकरी होते. तिथं लिहिलेला मसुदा असा: बाईला ३२०, गड्याला ५००, गटातल्या कुणी यापेक्षा जास्त दिलं तर ५०० रुपये दंड. दुसऱ्या बैठकीला आक्काला बोलावलं, आणि खरी अडचण तिथं समजली.

"आण्णा, तीनशे म्हंजे हातात दोनशे साठच की. गाडीचं चाळीस आमच्याकडनंच जात्यात. तिकडं तीनशे वीस देत्यात आन् गाडी त्यांचीच."

वहीत गाडीचा रकाना नव्हताच. दिवसाला ९०० रुपये भाड्यात ७२० बायकांचे जात होते आणि १८० शेतकऱ्यांचे. म्हणजे बायका वीस रुपयांसाठी गेल्या नव्हत्या, साठ रुपयांसाठी गेल्या होत्या. २६० वर ६० म्हणजे २३ टक्के. एवढ्या फरकाला कारखान्यातला माणूसही नोकरी बदलतो.

तिच्याकडून आणखी तीन गोष्टी निघाल्या. पाऊस लागून काम थांबलं तर बाराच्या आत काहीच मिळत नव्हतं, गाडीचे चाळीस मात्र जात होते. हिशेब "आठवड्यानं बघू" करत पंधरवड्यावर जायचा. आणि उक्त्यात "अर्धा एकर" म्हणून दिलेलं रान खरंच अर्धा एकर आहे का, हे कुणालाच माहीत नसायचं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडलेली होती, ती पुढं येईल.

समोर असलेले पर्याय

यंत्राचा विचार लवकर संपला. कंबाइन हार्वेस्टर आठ-दहा गुंठ्यांच्या तुकड्यात वळत नाही, ओल्या काळ्या रानात रुततो, आणि बुडाजवळच्या शेंगा त्याला सापडत नाहीत.

सरसकट रोजंदारी वाढवून ३५० करायची, हा दुसरा पर्याय. सोपा, पण काढणीत रोजंदारी शेतकऱ्याला परवडत नाही असं बहुतेकांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. काढणीचे दिवस मोजके असतात; तिथं वेगाला किंमत असते आणि रोजंदारी वेगाला काही देत नाही.

सगळंच उक्तं करायचं, हा तिसरा. काही शेतकऱ्यांना तो फार आवडला. पण भांगलण उक्ती दिली की काय होतं ते उसाच्या रानात सगळ्यांनी पाहिलेलं आहे: खुरपं वरवर फिरतं, लव्हाळ्याची गाठ आणि हरळीची मुळी तशीच राहते, पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवं. भांगलणीची गुणवत्ता त्या दिवशी दिसत नाही. काढणीची दिसते, मागं वळून पाहिलं की पडलेली शेंग आणि राहिलेला खुंट समोर असतो. जे काम संध्याकाळी तपासता येतं ते उक्तं द्यावं आणि जे येत नाही ते हजेरीवर, हा फरक गटानं धरला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

दंडाच्या कलमावर बराच वेळ गेला. आक्काचा सवाल साधा होता: "जास्ती देणाऱ्याला दंड, मग कमी देणाऱ्याला काय?" मालकांनी एकत्र येऊन मजुरीला वरून झाकण घालणं हे न्याय्य दर ठरवणं नव्हे, आणि ते टिकतही नाही, शेजारच्या गावाला ते कलम लागू नसतं. कलम उलटं झालं. ठरलेल्या दरापेक्षा कमी कुणी द्यायचं नाही, जास्त द्यायला मोकळीक.

दराचा तळ कुठं धरायचा यासाठी तीन आकडे समोर ठेवले. एक, शेतीकामासाठी राज्य सरकारनं जाहीर केलेलं किमान वेतन आणि त्यावरचा विशेष भत्ता. तो त्या सहामाहीचा पाहून घेतला. दोन, रोजगार हमीची मजुरी: २०२४-२५ साठी महाराष्ट्रात २९७ रुपये. तीन, शेजारच्या गावाचे ३२०, गाडीसकट. रोजगार हमीच्या आकड्यानं बैठकीत काही चेहरे उतरले. तिथं घराजवळ २९७ मिळू शकत होते आणि आपण १९ किलोमीटरवरून आणून हातावर २६० ठेवत होतो.

काय केलं

भांगलणीचा दर ३३० ठरला, हातात पडणारा. गाडी शेतकऱ्यांची. जुनी गाडी म्हणजे छोटा हत्ती होता. मालवाहू गाडीत माणसं भरणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो, म्हणून प्रवासी परवान्याची गाडी बघितली. तिचं भाडं १,२६०, म्हणजे डोई ७०. शेतकऱ्याचा खर्च माणशी ३१० वरून ४०० झाला. हा बोजा लहान नव्हता आणि कुणी तो लहान म्हणून दाखवलाही नाही.

पावसाचा नियम दोन ओळींत लिहिला. गाडी रानावर पोचली आणि पावसानं काम झालं नाही तर अर्धी हजेरी, १६५. जेवणानंतर थांबावं लागलं तर पूर्ण. वेळ नऊ ते पाच, जेवणाला एक तास, चहाला पंधरा मिनिटं दोनदा. हातात खरं काम साडेसहा तास. पैसे दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, रोख आणि ज्याच्या त्याच्या हातात. फोनवरून पाठवायचा सोपा मार्ग होता, पण तो नको म्हणाल्या त्या बायकाच. बऱ्याच जणींचं खातं मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनला जोडलेलं. आक्काला टोळी जमवण्याबद्दल आठवड्याला एक जादा हजेरी गटाकडून, म्हणजे इतरांच्या पैशातून काही कापायचं नाही.

बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा गटानं सगळ्यांचा भरला. १८ जणींचे ३६० रुपये. सोयाबीनच्या रानात घोणस निघणं नवलाचं नाही.

काढणीचा दर मात्र मे महिन्यात ठरवला नाही. पीक उभं नसताना ठरवलेला दर म्हणजे अंदाज. २० सप्टेंबरला एक लवकर पेरलेला तुकडा पिकला, तिथं चाचणी घेतली.

चाचणीची पद्धत अशी. कुरीनं पेरलेल्या दोन ओळींत दीड फूट अंतर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दीड फुटाच्या २२ ओळी म्हणजे बरोबर ३३ फूट रुंदी. म्हणून ३३ फुटांचा नायलॉनचा दोर घ्यायचा, ओळीच्या लांबीत तो जितक्या वेळा बसेल तितके गुंठे २२ ओळींत. ओळ तीन दोर लांब असेल तर २२ ओळी म्हणजे तीन गुंठे. हे गणित बायकांना कागदाशिवाय करता येतं, आणि हा या पद्धतीचा खरा उपयोग आहे: मोजणारा आणि मोजून घेणारा दोघांनाही उत्तर सारखंच दिसतं. मोबाइलवर बांधावरून चालत क्षेत्र काढायचं ॲप आधी वापरून पाहिलं होतं. मोठ्या रानाला ठीक, पण दहा गुंठ्यांच्या तुकड्याची बाजू जेमतेम ३२ मीटर. तिथं दोन-दोन मीटर इकडंतिकडं झालं तरी क्षेत्र बारा टक्क्यांनी हलतं.

आठ जणींनी आपापली पात (ओळींचा पट्टा) धरून दिवसभर काढणी केली. संध्याकाळी गुंठे भरले ते असे: ३.२, ३.८, ४.२, ४.४, ४.६, ४.९, ५.५, ६.२. मधला आकडा साडेचार. गटातल्या एकानं ६.२ धरायचा आग्रह धरला, "होतंय की एवढं." एका हाताचा वेग अठरा जणींना लावला तर बहुतेक जणी हजेरीच्याही खाली जातात. शिवाय घड्याळ समोर असलं की हात पळतात. चाचणीचा वेग चौदा दिवस टिकत नाही. म्हणून साडेचारमधून दहावा हिस्सा वजा करून चार गुंठे हे दिवसाचं माप धरलं.

उक्त्या कामात अंग जास्त झिजतं, म्हणून दिवसाची कमाई हजेरीपेक्षा वीस टक्के तरी वर असावी: ३३० च्या जागी ४००. चारशे भागिले चार, गुंठ्याला १०० रुपये. एकरी ४,०००, वर गाडी.

त्याच दिवशी गावातले दोन गडीही पातीला होते. त्यांची सरासरी ५.१ गुंठे. मधल्या बाईपेक्षा जास्त, पण ३०० च्या जागी ५०० द्यावेत एवढी नक्कीच नाही, आणि आठपैकी दोन बायका त्यांच्या पुढं होत्या. एकाच कामाला बाई आणि गडी असे दोन दर लावायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे. गुंठ्याचा दर लागला आणि हा वाद भांडण न होता मिटला. फवारणी, पोती उचलणं ही कामं वेगळी, त्यांचा दर वेगळा राहिला.

अडलं कुठं

२३ सप्टेंबरला काढणी सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. बायकांनी कापून कवळे (कापलेल्या झाडांचे लहान ढीग) ओळीनं ठेवले आणि गाडीकडं निघाल्या. रानमालक म्हणाला, बुचाड (कापलेल्या पिकाची मोठी रास) कोण रचणार? त्याच्या हिशेबी काढणी म्हणजे बांधावर बुचाड रचून वर ताडपत्री टाकेपर्यंत. बायकांच्या हिशेबी कवळा खाली ठेवला की काम संपलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. दर लिहिला होता, काम कुठं संपतं ते लिहिलं नव्हतं. रात्री कागद बदलला. कापणे आणि कवळे घालणे गुंठ्याला १००. वाहून बुचाड रचायचं असेल तर गुंठ्याला २५ वर, नाहीतर घरच्या माणसांनी रचावं. बहुतेकांनी घरीच रचलं.

दुसरी गोष्ट उक्त्यात होतेच. वेग वाढला की विळा चालवण्याऐवजी झाड उपटलं जातं, विशेषतः ओल असेल तेव्हा. उपटलेल्या झाडाच्या मुळांबरोबर माती मळणी यंत्रात जाते, दाण्यात खडे येतात आणि अडतीत घट धरली जाते. दुसऱ्या बाजूनं, घाईत कापलं तर खुंट उंच राहतो आणि खालच्या दोन शेंगा त्याच्यावरच. कागदावर दोन अटी आल्या: उपटायचं नाही, आणि खुंटाला शेंग राहता कामा नये. तपासणी त्याच संध्याकाळी, आक्का बरोबर असताना. दुसऱ्या दिवशी कुरकुर चालणार नाही, पैसे कापणंही नाही. राहिलं असेल तर दाखवायचं आणि तिथंच काढून घ्यायचं.

तिसरं अडलं ते पावसानं. महिनाअखेरच्या पावसात नदीकाठचं पाच एकरांहून जास्त सोयाबीन लोळलं. लोळलेल्या पिकात एका हातानं झाड उचलून दुसऱ्या हातानं कापावं लागतं. टोळीनं शंभरला हात लावायला नकार दिला. एका शेतकऱ्यानं ११० म्हटलं, बायकांनी १५०. दोन दिवस गेले. शेवटी पुन्हा दोर काढला. चार जणींनी दिवसभर केलं तर सरासरी ३.२ गुंठे भरलं. चारशे भागिले ३.२ म्हणजे १२५. हे उत्तर दोन दिवस आधी, एका दुपारच्या मोजणीत मिळालं असतं.

आता क्षेत्राची गोष्ट. पहिल्या नऊ तुकड्यांचं माप घेतलं तेव्हा तोंडी सांगितलेलं आणि दोरानं भरलेलं यात एकाही ठिकाणी मेळ बसला नाही. "अर्धा एकर" म्हणून सांगितलेला एक तुकडा २३.४ गुंठे निघाला. दुसरा अर्धा एकर १७.८, कारण सातबाऱ्यावरच्या वीस गुंठ्यांत बांध, पाइपलाइनची पट्टी आणि विहिरीची वाट धरलेली होती. जुन्या दरानं दोन्हीला १,७५० च मिळाले असते. पहिल्या रानात गुंठ्याला ७५ रुपये पडतात, दुसऱ्यात ९८. म्हणजे इतकी वर्षं काही शेतकरी जास्त देत होते, काही कमी, आणि दोघांनाही वाटत होतं आपण गावच्या दरानं देतोय. तिरक्या तुकड्याचे त्रिकोण पाडायचे, पाया गुणिले उंची भागिले दोन, आणि आलेल्या आकड्याला १,०८९ नं भागायचं. एका तुकड्याला दोघांना दहा मिनिटं लागतात.

चौथं अडलं टोळीच्या आत. उक्त्याचे पैसे टोळी सारखे वाटून घेत होती. दुसऱ्या आठवड्यात चार तरुण बायका म्हणाल्या, आमची पात वेगळी धरा. साठीच्या दोघींचा वेग तीन गुंठ्यांच्या आत होता. गटानं यात तोंड घालायचं नाही असं ठरवलं आणि ते बरोबर होतं. पण परिणाम बघायची जबाबदारी टळत नव्हती. वेगळी पात झाली असती तर त्या दोघी ३३० च्या खाली गेल्या असत्या. आक्कानं तोडगा काढला: दोघींनी कापायचं नाही, मागून कवळे नीट करायचे, गळालेल्या शेंगा गोळा करायच्या आणि पाणी आणायचं. वाटणी सारखीच राहिली. गटानं एक ओळ वाढवली, की उक्त्याच्या दिवशी कुणाच्याही वाट्याला हजेरीपेक्षा कमी आलं तर फरक गट भरेल. तशी वेळ तीन दिवस आली, सगळे नवरात्रातले. नऊ दिवसांचा उपवास धरणाऱ्या सात जणी होत्या आणि त्यातल्या काही अनवाणी. सोयाबीनचा तिरका कापलेला खुंट अनवाणी पायाला सुईसारखा लागतो. वेग उतरणारच होता.

निष्पत्ती

टोळीनं १४ दिवसांत ९६० गुंठे काढले, त्यातले २०८ लोळलेले. एकूण १,०१,२०० रुपये, म्हणजे डोई दिवसाला सरासरी ४०१. उरलेलं दोन एकर घरच्या माणसांनी आणि पैऱ्यानं झालं.

सगळे दिवस आलेल्या बाईची हंगामाची कमाई अशी: भांगलणीचे ३३ दिवस ३३० नं १०,८९०; काढणीचे १४ दिवस ५,६१४; पावसाच्या तीन अर्ध्या हजेऱ्या ४९५. एकूण १६,९९९, पन्नास दिवसांत. आदल्या वर्षी ५८ दिवसांत हातात १५,०८० आले होते. कमाई वाढली, दिवस आठ घटले. दिवस का घटले हे सांगायला हवं: माणशी खर्च ४०० झाल्यावर सहा शेतकऱ्यांनी एक भांगलण कमी केली आणि तणनाशक मारलं. दर वाढला की कामाचे दिवस थोडे आकसतात, हे या प्रकरणातही झालं. टोळीनं तक्रार केली नाही, पण ज्या दोघी-तिघी फक्त भांगलणीला येतात त्यांना ही वाढ फारशी पोचली नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनं: सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,८९२ होता, बाजारात मात्र ४,२०० च्या आसपासच गेलं. एकरी नऊ क्विंटलचे ३७,८००. त्यातून काढणी ४,००० आणि गाडी ७०० म्हणजे साडेबारा टक्के. हा खर्च जड आहे. पण एकही रान काढणीवाचून उभं राहिलं नाही, आणि चौकट टाकून मोजलेली गळ ३०० दाण्यांवरून ७० ते ९० वर आली, म्हणजे एकरी ४० किलोंच्या आसपास. वाचलेल्या शंभर किलोंचे ४,२०० रुपये होतात. काढणीच्या दराची आणि गाडीची मिळून झालेली वाढ त्याच्या बरीच खाली होती. यातला काही वाटा पावसाळी हवेचाही आहे. ओलसर हवेत शेंग कमी फुटते. सगळं श्रेय दराला देता येणार नाही.

ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा "आता कोण येतंय भांगलायला" असं गटात बरेच जण म्हणत होते. वहीत त्या महिन्याची सरासरी हजेरी १८ पैकी १६ आहे, आदल्या ऑगस्टला १३ होती.

वेगळं काय करता आलं असतं

उभ्या आणि लोळलेल्या पिकाचे दोन्ही दर चाचणीच्याच दिवशी काढायला हवे होते. लोळलेलं कशाला म्हणायचं तेही: निम्म्याहून जास्त झाडं गुडघ्याखाली आली असतील तर लोळलेलं, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी मालकानं आणि म्होरकीनं मिळून बघायचं. पाऊस दरवर्षी येतो, त्याचं आश्चर्य वाटायला नको होतं.

चाचणी एकाच वाणावर झाली, जेएस ३३५ वर. गटातल्या निम्म्या रानात केडीएस ७२६ आहे. त्याचं झाड मोठं, बुडखा जाड. तिथं चार गुंठे भरत नाहीत अशी बायकांची तक्रार शेवटच्या आठवड्यात आली आणि तिचं उत्तर मोजणीनं दिलं गेलं नाही, "चालवून घ्या" म्हणून दिलं गेलं. ही गटाची चूक होती. ज्या गावात दोन वाण आहेत तिथं दोन चाचण्या घ्याव्यात, निदान चार-चार जणींच्या.

कामाची वेळ बदलायची संधीही गेली. सकाळी दवात शेंग फुटत नाही, दुपारी एक ते तीन सगळ्यात जास्त फुटते. साडेसात ते साडेअकरा आणि साडेतीन ते सहा असं काम केलं तर गळ आणखी कमी होईल. पण मग गाडी पहाटे निघायला हवी, वाडीतल्या बायकांचं दूध काढणं आणि डबे त्याआधी, आणि मधले चार तास त्या १९ किलोमीटरवरून घरी जाऊ शकत नाहीत. बांधावर सावली नाही. हे जमवायचं तर विसाव्याची जागा आणि त्या चार तासांचा काहीतरी मोबदला दोन्ही लागेल. नुसती वेळ बदला म्हणणं सोपं आहे.

गाडीच्या भाड्याची वाटणीही नीट बसलेली नाही. आज १८ जणी तीन रानांत विभागल्या तर भाडं डोईवर विभागलं जातं, ते ठीक. पण एखाद्या दिवशी एकाच शेतकऱ्यानं पाचच बायका मागितल्या तर १,२६० च्या भाड्यात डोई २५२ पडतात. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा तो दिवस रद्द करून बायकांचा खाडा झाला. किमान बारा जणींची मागणी असल्याशिवाय गाडी बोलवायची नाही आणि रद्द करायचं तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत कळवायचं, हा नियम २०२५ च्या कागदावर आला.

त्याच कागदावर भांगलणीचा आकडा सुरुवातीला कोरा सोडलेला होता. रोजगार हमीची मजुरी तोवर ३१२ झाली होती. गटानं ३४५ लिहिले. आक्कानं कागद वाचून घेतला, गाडीची ओळ कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं, आणि मग अंगठ्याऐवजी सही केली.